ताण द्यावा, ओढाताण नको

सकाळी जाग आली की अंथरुणातून उठण्याआधी आपण आळोखेपिळोखे देतो. हात डोक्यावर लांब करतो, पाय ताणतो, एक जांभई देतो आणि मग उठतो. हे कोणी आपल्याला शिकवलेले नसते. ओसरीवरचे मांजर उठले की आधी पुढचे पाय लांब करून पाठ खाली सोडते. झोळीतले तान्हे मूलही मुठी वळून अंग ताणते. शरीराला ताण हवा असतो, आणि तो घेण्याची बुद्धी निसर्गाने जन्मतःच दिलेली असते.

पण हाच ताण औषध म्हणून द्यायची वेळ येते, म्हणजे आखडलेला गुडघा सरळ करायचा असतो, लकवा झालेल्या माणसाचा हात मोकळा ठेवायचा असतो, किंवा जन्मतः वाकडे असलेले बाळाचे पाऊल सरळ करायचे असते, तेव्हा मात्र आपण हमखास एका चुकीच्या वाटेने जातो. आपल्याला वाटते, जितका जोर अधिक तितका गुण अधिक. आखडले आहे ना, मग ओढा! दोघेजण पाय धरतात, तिसरा गुडघा दाबतो, रुग्ण ओरडतो, आणि सगळ्यांना वाटते की झाले काम. आज मला मुख्यतः सांगायचे आहे ते हे की, काम असे होत नाही. स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणारे तंतू जोरापेक्षा वेळेला दाद देतात. ताण किती जोराचा होता ह्यापेक्षा तो किती वेळ होता आणि कोणत्या वयात, कोणत्या वेळी दिला, ह्यावर सारे अवलंबून असते.

ते का, हे समजण्यासाठी थोडे कातडीच्या आत डोकावले पाहिजे.

आपल्या बोलण्यात एक सोयीचा शब्द आहे, शीर. मान अवघडली तरी शीर आखडली, पोटरीत गोळा आला तरी शीर चढली, आणि टाचेमागे जी जाड दोरी हाताला लागते तीही शीरच. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ह्या वेगवेगळ्या वस्तू आहेत. मांसाचा जो आकुंचन पावणारा भाग, तो स्नायू. स्नायूच्या टोकाला जी पांढरी, चिवट दोरी असते आणि जी त्याला हाडाशी जोडते, ती कंडरा. दोन हाडांना एकमेकांशी बांधणारे जे पट्टे, ते अस्थिबंध. आणि ह्या सगळ्यांना आतून-बाहेरून वेढणारे, स्नायूच्या प्रत्येक जुडीला पातळ पिशवीसारखे गुंडाळणारे जे तंतूंचे जाळे असते, त्याला संयोजी ऊतक म्हणतात. संत्र्याची साल काढली की आतल्या फोडींवर जसा पापुद्रा असतो आणि फोड उघडली की आतल्या प्रत्येक रसाच्या कणावर पुन्हा एक पापुद्रा असतो, तशीच ही रचना. हे जाळे, कंडरा आणि अस्थिबंध मुख्यतः एका चिवट द्रव्याचे बनलेले असतात, त्याचे नाव कोलॅजेन.

स्नायूची बांधणी निराळी आहे. त्याचा एक-एक धागा म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या अतिसूक्ष्म कड्यांची साखळी असते. ह्या कडीला सार्कोमिअर म्हणतात. एका मिलिमीटर लांबीत अशा सुमारे चारशे कड्या बसतात. प्रत्येक कडी थोडी-थोडी मिटली की सगळी साखळी आखूड होते, आणि आपण हात वाकवतो. कड्या सैल झाल्या की साखळी लांबते.

आता अशा ह्या अवयवाला ताण दिला म्हणजे काय होते? तीन गोष्टी होतात, आणि त्यांच्या वेळा वेगवेगळ्या आहेत.

पहिली गोष्ट क्षणात होते. स्नायूच्या पोटात बारीक राखणदार बसलेले असतात. स्नायू एकाएकी, हिसक्याने ताणला गेला की ते मज्जारज्जूला खबर देतात, आणि तिथून उलट हुकूम सुटतो, ‘आवळ!’ डॉक्टर गुडघ्याखाली लहान हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो ह्याच कारणाने. शेरिंग्टन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने आपला सहकारी लिडेल ह्याच्याबरोबर १९२४ साली ह्या प्रतिक्षिप्त क्रियेचे वर्णन केले. ह्याचा अर्थ असा की, हिसका देऊन ओढणारा माणूस स्नायूला लांब करत नाही, त्याला अधिक आवळायला लावतो. सावकाश ताण दिला आणि तो धरून ठेवला, तर हे राखणदार निवतात.

त्याच वेळी आतले तंतूही थोडे सैलावतात. हे कसे, ते तुम्ही घरी पाहिलेले आहे. सुंभाने नवी बाज विणली की ती पहिल्या दिवशी कशी टणक असते! चार दिवस तिच्यावर माणूस निजला की मध्ये झोळ पडतो, आणि पायथ्याकडची दोरी ओढून पुन्हा कसावी लागते. दोरीवर कोणी उडी मारली नव्हती. माणसाचे नुसते वजन तासन् तास तिच्यावर राहिले, एवढेच. कोलॅजेनचे तंतू असेच वागतात. पण त्यांच्यात आणि सुंभात एक फरक आहे, बरं का. ताण काढला की हे तंतू बहुतांशी पुन्हा पूर्वपदावर येतात. म्हणून सकाळी पाच मिनिटे ताण दिल्याने जी मोकळीक वाटते, ती दुपारपर्यंत पुष्कळशी निघून गेलेली असते.

दुसरी गोष्ट काही आठवड्यांत होते. रोज ताण घेणारा माणूस महिन्याभरात अधिक वाकू लागतो. पायाच्या अंगठ्याला हात लागत नव्हता, तो लागू लागतो. पुष्कळ वर्षे असे मानत असत की त्याचा स्नायू लांब झाला. गेल्या काही दशकांत काळजीपूर्वक मोजमापे झाली, तेव्हा निराळेच दिसले. स्नायू फारसा बदललेला नसतो. बदलते ती सोसण्याची मर्यादा. ज्या ताणाला मेंदू आधी ‘पुरे’ म्हणत होता, त्याच ताणाला तो आता ‘चालेल’ म्हणतो. हाही लाभच आहे, त्याला कमी लेखू नये. पण तो काय आहे हे ओळखून असावे.

तिसरी गोष्ट सर्वांत सावकाश होते, आणि खरे महत्त्व तिला आहे. शरीर स्वतःच नवी बांधणी करते. १९७२ साली ताबारी, गोल्डस्पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी मांजराच्या पायाला प्लास्टर घातले. काहींचा स्नायू आखडलेल्या स्थितीत राहील असे, तर काहींचा ताणलेल्या स्थितीत राहील असे. चार आठवड्यांनी पाहिले, तर आखडलेल्या स्थितीतल्या साखळीतून सुमारे चाळीस टक्के कड्या नाहीशा झालेल्या होत्या. ताणलेल्या स्थितीतल्या साखळीत मात्र सुमारे वीस टक्के कड्या नव्याने जोडल्या गेल्या होत्या! प्लास्टर काढल्यावर पुढच्या चार आठवड्यांत कड्यांची संख्या पुन्हा पहिल्यासारखी झाली. म्हणजे स्नायूला जी लांबी रोजच्या वापरात मिळते, तीच तो आपली लांबी मानतो. शिवाय आखडून ठेवलेल्या स्नायूभोवती संयोजी ऊतकाचे प्रमाण वाढते आणि तो ताठर होतो. पुढे १९९० साली उंदरांवरच्या प्रयोगांत असेही दिसले की, असा आखडून बांधलेला पाय रोज अर्धा तास सोडून ताणला, तर कड्या कमी होत नाहीत. चोवीस तासांतला अर्धा तास, पण रोजचा.

ह्या तीन वेळा लक्षात ठेवल्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे होते.

प्रथम आपण धडधाकट, कष्टकरी माणसाचे पाहू. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर शेकडो बाया दिवसभर उकिडव्या किंवा मांडी घालून बसतात, मिरची पसरतात, निवडतात, देठ काढतात. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. उसाच्या बुंध्याशी कमरेत वाकायचे, कोयता मारायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. ह्या माणसांना आपण ‘जरा वाकून व्यायाम करा’ असे सांगणार असू, तर ते हसतील, आणि त्यांचे बरोबर असेल. त्यांची पाठ दिवसभर ताणातच असते.

उलट त्यांना धोका आहे तो ह्या लांबलेल्या ताणाचाच. बराच वेळ पूर्ण वाकून राहिले की पाठीच्या कण्यामागचे अस्थिबंध त्या बाजेच्या सुंभासारखे सैलावतात. सरळ झाल्याबरोबर ते लगेच घट्ट होत नाहीत. त्यांना काही मिनिटे लागतात. नेमक्या त्या वेळात मिरचीचे पोते किंवा उसाची मोळी हिसक्याने उचलली, तर सैल पडलेल्या सांध्यांवर ओझे येते, आणि उसण भरायची भीती असते. म्हणून साधी रीत अशी ठेवावी. वाकून किंवा बसून बराच वेळ काम केल्यावर आधी उभे राहावे. हात कमरेवर ठेवून पाठ सावकाश मागे न्यावी, चार पावले चालावे, आणि मग ओझ्याला हात घालावा. अर्ध्या तासाने एकदा असे उठले तर मजुरीत खोट येत नाही, आणि पाठ अनेक हंगाम टिकते.

ज्यांचे काम खुर्चीवर बसून आहे, शिक्षक, कारकून, शिलाईयंत्र चालवणारे, त्यांच्या मांड्यांमागचे आणि पोटरीचे स्नायू आखडतात. त्यांनी रोज ताण घ्यावा. सावकाश जावे, ओढ लागते पण दुखत नाही अशा ठिकाणी थांबावे, श्वास चालू ठेवावा, आणि तीस सेकंद मोजावेत. १९९४ साली झालेल्या एका अभ्यासात मांडीमागच्या स्नायूंसाठी तीस सेकंद धरलेला ताण साठ सेकंदांइतकाच उपयोगी ठरला. आणखी एक घरगुती उपाय. रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ करून पायाचा चवडा आपल्याकडे ओढून धरावा. गोळा बहुधा मिनिटभरात सुटतो.

धरून ठेवण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही. आसन हे स्थिर आणि सुखाचे असावे असे पतंजलींनी सांगितले आहे. त्या जुन्या विद्येला प्रयोगशाळेत नेण्याचे काम ज्यांनी केले, ते स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे काही वर्षे आपल्या खानदेशातच, अमळनेरला, राष्ट्रीय शिक्षणाचे काम करीत होते. पुढे १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि यौगिक क्रियांची क्ष-किरण व इतर उपकरणांच्या साहाय्याने तपासणी सुरू केली. आसनात हिसक्याला जागा नाही, ही गोष्ट व्यायामाच्या नावाखाली झटके देणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

पण ताणाची भलती स्तुतीही नको. खेळाआधी ताण घेतला की दुखापत होत नाही, असा एक समज आहे. ऑस्ट्रेलियात १५३८ नव्या सैनिकांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. बारा आठवडे अर्ध्या लोकांनी कवायतीपूर्वी ताणाचे व्यायाम केले, अर्ध्यांनी केले नाहीत. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी ऊस तोडून अंग दुखते, तेही ताण देऊन फारसे कमी होत नाही. ते आपोआप दोन-चार दिवसांत निवते.

आता ह्याहून कठीण प्रश्नाकडे वळू. तो आजारी अवयवाचा.

पोलिओचे दिवस आठवणारी माणसे अजून आहेत. मुलाच्या पायातली शक्ती जाई. मूल सदा गुडघे दुमडून बसे, आणि वर्षभरात गुडघे, कंबर, घोटे त्या स्थितीत पक्के होत. शक्ती थोडी परत आली तरी पाय सरळ होईना, म्हणून मूल हातांवर सरपटत राही. लकव्याने कितीतरी मुलांना जेवढे पांगळे केले, त्याहून अधिक ह्या आखडण्याने केले. मुंबईला के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले आणि १९५५ साली हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली, त्यामागे अशा रुग्णांची मोठी गरज होती. २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पोलिओ गेला, पण आखडण्याची क्रिया गेलेली नाही. पक्षाघात झालेले वडील घरात असतात, मेंदूला इजा झालेले मूल असते, भाजलेली सून असते. त्यांचे सांधे त्याच नियमाने आखडतात.

इथे खरे बोलले पाहिजे. मज्जासंस्थेच्या आजाराने एकदा आखडलेला सांधा नुसत्या ताणाने पुन्हा मोकळा होतो का? जगभरचे अभ्यास एकत्र करून २०१७ साली जो आढावा प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा की, सात महिन्यांहून कमी काळ दिलेल्या ताणाने सांध्याच्या हालचालीत उपयोगी पडेल इतका फरक पडत नाही. म्हणून ‘चार दिवसांत हात सरळ करून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, आणि त्याच्या हाती तो हात तर मुळीच देऊ नये. संवेदना गेलेल्या किंवा हाडे ठिसूळ झालेल्या अंगाला जोराने ओढले तर हाड मोडू शकते, स्नायू फाटू शकतो.

मग हातावर हात धरून बसायचे का? नाही. मुख्य भर आखडू न देण्यावर ठेवायचा. दुखणे आल्याच्या पहिल्या दिवसापासून सगळे सांधे रोज हळुवार हलवावेत. रुग्णाच्या गुडघ्यांखाली सदा उशी ठेवू नये. तिने बरे वाटते, पण गुडघे त्याच स्थितीत आखडतात. कूस बदलावी, चवडा खाली लोंबू देऊ नये, आणि शक्य तितक्या लवकर स्वतःच्या शक्तीने हालचाल करायला लावावे. भाजलेल्या मानेची हनुवटी छातीशी येऊ देऊ नये. हे कसे करावे, ते जिल्हा रुग्णालयातल्या भौतिकोपचार विभागात दाखवून घ्यावे.

कुष्ठरोगाचेही असेच आहे. २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून देशाने ह्या रोगाचे निर्मूलन केल्याचे जाहीर झाले, तरी रोग संपलेला नाही, आणि आपल्या जिल्ह्यातही नवे रुग्ण सापडतात. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. पण कोपरापाशी मज्जातंतू दुखावला असेल तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकू लागते. बोट अजून हाताने सरळ होते आहे, तोवरच वेळ आहे. रोज हात वीस-तीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवावा, तेल लावावे, हाताची पाठ मांडीवर टेकवावी आणि दुसऱ्या हाताने बोटे हलकेच सरळ करून थोडा वेळ धरावीत. असे दहा वेळा करावे. त्वचेला स्पर्श कळत नसेल तर ऊन पाणी वापरू नये. भाजलेले कळत नाही.

ह्या हातांवर मोठे काम केले ते डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी १९१४ साली ते जन्मले आणि १९४६ साली वेल्लोरच्या रुग्णालयात रुजू झाले. तिथे त्यांच्याकडे वाकड्या पावलाची बाळेही येत. जोर लावून सरळ केलेली पावले पुढे ताठ आणि दुखरी होतात, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी एक फार सुंदर रीत धरली. बाळाला भुकेले असतानाच आणायला सांगत. आई त्याला पाजायला घेई, आणि ते पिऊ लागले की डॉक्टर त्याचे पाऊल सावकाश वळवत, डोळे मात्र बाळाच्या चेहऱ्यावर ठेवीत. बाळ पिणे थांबवून त्यांच्याकडे पाहू लागले की तिथेच थांबत आणि प्लास्टर घालीत. बाळ रडले, तर ताण जास्त झाला असे समजत. ताण किती द्यावा ह्याचे इतके नेमके माप दुसरे मला ठाऊक नाही.

त्याच साली, १९१४ मध्ये, स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मलेले डॉ. इग्नासियो पोन्सेती अमेरिकेत आयोवा येथे ह्याच प्रश्नामागे लागले होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपली पद्धत सुरू केली आणि १९६३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभर वाकड्या पावलावर हीच पद्धत वापरतात.

हा दोष हजार बाळांत एक-दोघांना असतो. मुलग्यांत तो मुलींच्या दुप्पट आढळतो, आणि निम्म्या बाळांची दोन्ही पावले वाकडी असतात. पाऊल आत वळलेले, टाच वर ओढलेली, जणू तळवा दुसऱ्या पायाकडे पाहतो आहे. ग्रहणात आईने काही चिरले म्हणून असे झाले, असे आपल्याकडे सासरची माणसे म्हणतात, आणि त्या बाईला आयुष्यभर ऐकवतात. ते साफ खोटे आहे. बहुतेक बाळांत नेमके कारण सापडत नाही, आणि आईचा तर त्यात काहीच अपराध नसतो.

पोन्सेतींनी ओळखले की नवजात बाळाच्या अस्थिबंधातले कोलॅजेनचे तंतू नागमोडी, लाटांसारखे असतात. हलका ताण दिला की लाटा सरळ होतात, आणि अस्थिबंध तेवढा लांबतो. त्या स्थितीत ते धरून ठेवले तर काही दिवसांनी त्या तंतूंत पुन्हा लाटा पडतात, म्हणजे पुन्हा ताणायला जागा होते. म्हणून आठवड्याला एकदा हाताने पाऊल थोडे वळवायचे आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालायचे. पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडे. अशा पाच ते सात प्लास्टरांत पाऊल बहुधा सरळ होते. टाचेमागची कंडरा मात्र फार घट्ट असते, ती ताणाला दाद देत नाही. बहुतेक बाळांत ती जागा बधिर करून लहानशा छेदातून कापतात, आणि तीन आठवड्यांच्या शेवटच्या प्लास्टरात ती हव्या त्या लांबीवर पुन्हा जुळून येते.

आणि मग खरी परीक्षा सुरू होते. पाऊल सरळ दिसते, घरचे समाधान मानतात, आणि पुढचे उपचार सुटतात. पण संयोजी ऊतकाला आपली जुनी जागा आठवत असते. म्हणून मधे पट्टी असलेले खास बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि नंतर वयाच्या चार-पाच वर्षांपर्यंत रात्री निजताना घालावे लागतात. ते सोडले की पाऊल पुन्हा वळते, आणि असे पुन्हा वळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते. ज्यांनी सगळे पथ्य पाळले, त्यांचे काय होते? पोन्सेतींच्या जुन्या रुग्णांना तीस वर्षांनी बोलावून तपासले. त्याचा वृत्तान्त १९९५ साली प्रसिद्ध झाला, आणि बहुतेकांची पावले उत्तम काम देत होती.

हे मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे, कारण आपल्या जिल्ह्यात पायांचे मोल निराळे आहे. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ इकडच्या पाड्यांवर शेत डोंगरउतारावर असते, पाणी खाली असते, शाळा टेकडीपलीकडे असते आणि बाजार त्याहून लांब असतो. तिथे वाकड्या पावलाचे मूल घराबाहेरच्या जगालाच मुकते. आणि त्याच पाड्यांवरून दर आठवड्याला प्लास्टर बदलायला खाली उतरणे किती जिकिरीचे, हेही उघड आहे. २०२० साली चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेच्या पाण्यातून होडी वल्हवत पलीकडच्या पाड्यांतल्या बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत जात होत्या, हे पुष्कळांनी वाचले असेल. बाळाचे वाकडे पाऊल पहिल्यांदा दिसते ते अशा सेविकेला, आशाताईला किंवा दाईला. त्यांनी त्याच आठवड्यात सांगितले, तर अर्धे काम झाले.

२०१३ साली पालघर येथून देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात व्यंगांची तपासणी आणि मोफत उपचार अंतर्भूत आहेत, आणि त्या व्यंगांत वाकडे पाऊल आहे. उपचार जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाले तर सर्वांत उत्तम. मूल मोठे झाले असेल तरीही दाखवावे. उशिरा सुरू करूनही ह्या पद्धतीचा उपयोग होतो, फक्त प्लास्टर अधिक लागतात. तोवर घरी तेल लावून पाऊल जोराने वळवू नये. दाईने नेहमीची अंगमालिश खुशाल करावी, पण पाऊल सरळ करण्याचा खटाटोप करू नये. तान्ह्या बाळाची हाडे अजून कूर्चेची, मऊ असतात. जोराने पाऊल सरळ न होता मधेच चुकीच्या जागी वाकते, आणि मग तज्ज्ञाचेही काम अवघड होते.

बुरूडकाम करणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. हिरव्या बांबूची काडी ते हळूहळू वळवतात, बांधून ठेवतात, आणि ती तशीच वाळून टोपलीचा आकार धरते. वाळलेल्या बांबूला तसे करू गेले तर तो तडकतो. वय हाच मोठा भेद आहे. नवजात बाळाची ऊतके हिरव्या बांबूसारखी असतात, त्यांना नवा आकार देता येतो. प्रौढ माणसाची आहेत ती लांबी टिकवता येते, आणि ती टिकवण्यासाठी रोजची थोडी हालचाल पुरते. वर्षानुवर्षे आखडलेल्या सांध्याला मात्र तज्ज्ञ हात हवे असतात, आणि कधी-कधी शस्त्रक्रियाही.

तेव्हा श्रोते हो, घरात कोणी आजारी पडले असेल तर त्याच्या हातापायांकडे आजच पाहा, महिन्याने नव्हे. शेजारी बाळ जन्मले तर कौतुकाने त्याचे तोंड पाहाल तेव्हा त्याची पावलेही पाहा. ती आत वळलेली दिसली, तर आईला बोल लावू नका. तिला आणि बाळाला घेऊन दवाखान्याची वाट धरा, आणि पाच वर्षे बुटांची आठवण करून देत राहा. त्या मुलाला पुढे सातपुड्याच्या चढावर चालायचे आहे.